सहा वेळा गळलेला पंख

"ताई, मी चाळीसगावला बँकेत आहे. आम्ही तिघं मित्र महिन्यातून एका रविवारी धुळ्याला जमतो आणि टेबलावर छोट्या फौजा मांडून युद्धाचा खेळ खेळतो. मागच्या वर्षी एका जुन्या खेळाडूकडून धातूचा ड्रॅगन घेतला. सुटे भाग सात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळा मिळून ६९० ग्रॅम भरला, नुसता एक पंख १४० ग्रॅमचा. हा पंख मी आतापर्यंत सहा वेळा चिकटवला. सहाव्यांदा मेहुणबाऱ्याच्या गतिरोधकावर एसटी उडाली आणि डब्यात खळकन आवाज आला. जळगावला ओळखीचे एक सोनार आहेत, ते म्हणतात घेऊन ये, डाख मारून देतो. बायको म्हणते, रबरबँड लावा आणि शोकेसमध्ये ठेवा. सात वर्षांची मुलगी आहे, तिला तो पंखाला धरूनच उचलायचा असतो. फोटो सोबत आहेत, शेजारी पट्टी ठेवून काढलेत. डाख मारू, की विकून टाकू?"

दादा,

विकू नका. आणि सोनारांना आजच फोन करून नाही म्हणा, बाकीचं सावकाश बोलू.

डाखाचं आधी सांगते, कारण तिथे चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. लहानपणी आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कल्हईवाला यायचा. निंबाखाली खड्डा करून, भाता लावून बसायचा. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी नुसती टेकवायचा. ती पाण्यासारखी पसरायची आणि कापसाच्या बोळ्यानं तो ती आतून फिरवून घ्यायचा. एवढ्याशा आचेवर हे जमायचं, कारण कथील २३२ अंशांनाच वितळतं. तुमचा ड्रॅगन त्याच घराण्यातला आहे. मुख्य कथील, कडक व्हावं म्हणून अँटिमनी नावाचा धातू थोडा, आणि जुना असेल तर भरपूर शिसं. शिसं एकटं असताना ३२७ अंशांना वितळतं, पण कथलाशी गाठ पडली की दोघं मिळून आणखी आधी पाघळतात, प्रमाण जुळलं तर १८३ अंशांनाच. रेडिओवाला वापरतो तो नेहमीचा डाखही याच दोन धातूंचा. म्हणजे डाख वितळायच्या वेळी ड्रॅगनही वितळायला बसलेला. आणि सोनारांचा हात सोन्याच्या आचेला सरावलेला. त्यांच्या फुंकणीची ज्योत पंखावरून एकदा फिरली की तुम्हाला पंखाचा गोळा परत मिळेल. ७० अंशांच्या आसपास वितळणारा खास डाख असतो आणि धातूच्या आगगाड्या जुळवणारे तो वापरतात. पण त्याला आच बांधून देणारं सोल्डरिंग आयर्न लागतं, आणि हात बसेपर्यंत दोन-चार मॉडेलं कामी येतात. आपल्याकडे ड्रॅगन एकच आहे.

दुसरी गोष्ट मुलीची. ड्रॅगन जुना म्हणजे किती जुना, ते तुम्ही लिहिलेलं नाही. १९९० च्या दशकापर्यंत अशा मॉडेलांत शिसं सर्रास असायचं. अमेरिकेतल्या रॅल पार्था कंपनीनं १९९३ मध्ये बिनशिशाचा मिश्रधातू आणला आणि बाकीचेही त्या वाटेला लागले. घरच्या घरी करायची ढोबळ परीक्षा अशी: बुडाचा रंग नसलेला भाग कोऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर शिसं आहे असंच धरून चाला. मग कानस चालवताना पडलेला कीस ओल्या कापडानं टिपायचा, फुंकर मारायची नाही, काम जेवणाच्या टेबलावर करायचं नाही आणि उठताना हात साबणानं धुवायचे. कुठे खाचेत पांढरी पिठी दिसली तर तीही शिशाचीच समजा, ओल्या ब्रशनं काढा. रंग आणि वार्निश पूर्ण होईपर्यंत मुलीच्या हातात द्यायचा नाही. त्यानंतरचं शेवटी सांगते.

आता पंख का गळतो. पत्रात तुम्ही गोंदाचं नाव घालून बरंच काही लिहिलंय, ते मी छापलं नाही, कारण दोष गोंदाचा नाही. तुमच्या फोटोतल्या पट्टीवरून मोजलं. पंखाच्या वजनाचा मध्य खांद्यापासून ७ सेंटिमीटरवर येतो. खांद्याचा सांधा वरपासून खालपर्यंत जेमतेम ८ मिलिमीटर. १४० ला ७ नं गुणा, ९८० आले. ०.८ नं भागा, सव्वाबाराशे. म्हणजे पंख खालच्या कडेवर टेकून वरच्या कडेला सव्वा किलोच्या आसपास ओढ देतोय, आणि हे ड्रॅगन शोकेसमध्ये गप्प उभा असताना. मेहुणबाऱ्याचा गतिरोधक यात धरलेलाच नाही.

झटपट चिकटणारा गोंद सरळ ओढीला दाद देत नाही, पण कडेनं सोललं की हरतो. भाकरी तव्यावरून कशी सुटते बघा. मधोमध धरून ओढली तर फाटेल, पण कडेला उलथनं घातलं की अलगद निघते. तुमचा पंख रात्रंदिवस वरच्या कडेला उलथनं घालून बसलाय. त्यात हा गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो, धक्का सोसत नाही. आणखी एक आपल्या मुलखाची अडचण: हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी हवेत ओलावा असतो कुठे? पडू नये म्हणून माणूस जाड थर देतो, त्याला बाहेरून साय धरते आणि आत ओलंच राहतं. तुम्ही तर सहा थर दिलेत, एकावर एक.

हाच पंख रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतायच्या हलक्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असता तर २० ग्रॅमच्या आसपास भरला असता आणि एका थेंबात जन्मभर राहिला असता. ब्रिटनमधल्या गेम्स वर्कशॉप या खेळांच्या कंपनीनं २०११ पासून आपली बरीच धातूची मॉडेलं रेझिनमध्ये आणली, पुढे प्लॅस्टिक वाढलं. हल्ली खेळायला लागलेल्या पोरांना वजन म्हणजे काय ते माहीतच नाही. म्हणून जुनं धातूचं मॉडेल हाती आलं की पहिले सहा महिने सगळ्यांचे असेच जातात.

माझी सव्वीस वर्षं धुळ्यात दातांच्या लॅबमध्ये गेली. डॉक्टरांकडून तोंडाचं माप येतं, आम्ही त्यात दगडी प्लॅस्टर ओतून जबडा करतो. ज्या दातावर कॅप बसायची, तो दात जबड्यातून सुटा काढता आला पाहिजे आणि पुन्हा केसाचाही फरक न पडता जागेवर बसला पाहिजे. त्यासाठी त्याच्या बुडाला पितळेची डॉवेल पिन घालतात. पिन दाताला पक्की, खालच्या प्लॅस्टरमध्ये मोकळी. दिवसातून पन्नास वेळा काढा-घाला, गोंदाचा थेंब नाही. भाचा पुण्याहून पहिली धातूची बाहुली घेऊन आला, हात तुटलेला एक सरदार, तेव्हा मला ते दातांचंच काम वाटलं. शेजारच्या आजी खिडकीतून डोकावून विचारायच्या, "हाई काय शे वं माय? दात का बाहुली?"

तर तुमच्या पंखाचा भार धातूवर टाकायचा. गोंदाचं काम धातूची सळई तिच्या जागी धरून ठेवणं, तेवढंच. आणि तुम्ही एसटीनं ये-जा करता, म्हणून मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणते: पंख चिकटवूच नका. डॉवेल पिनेसारखे काढता-घालता येतील असे करा.

पहिलं काम जुना गोंद काढायचं. ड्रॅगन रात्रभर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गारठ्यानं गोंद आणखी ठिसूळ होतो, उरलेले सांधे हातानं मुरगळले तरी सुटतात. मग सांध्यांचे भाग झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोनवालं चालतं. धातूला काही होत नाही, पण प्लॅस्टिकचा स्टँड चुकून आत गेला तर त्याचा चिखल होईल, आणि थर्माकोलचा पेला घ्याल तर ॲसिटोन टेबलावर असेल. गॅसची शेगडी जवळ नको, खिडकी उघडी ठेवा. दोन-तीन तासांनी जुन्या टूथब्रशनं घासा, भांड्याच्या साबणानं धुवा, वाळवा. सांध्याच्या दोन्ही तोंडांवरचा रंगही गेला पाहिजे. रंगाला चिकटवलेलं रंगासकट निघतं.

मग कोरडी जुळणी. दोन्ही तोंडं एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरा. फट दिसली की कुठे तरी उंचवटा आहे. तो शोधायला आमच्याकडे आर्टिक्युलेटिंग पेपर असतो. दातांचे डॉक्टर "चावा" म्हणून तोंडात देतात ना, तोच निळा कागद. ओळखीच्या डॉक्टरांकडे दोन पट्ट्या मागा, कुणी नाही म्हणणार नाही. सांध्यात पट्टी घालून दाबा, उंचवट्यावर निळा ठिपका उठतो. तेवढाच कानशीनं उतरवा. पुन्हा पट्टी, पुन्हा कानस. चार-पाच फेऱ्यांत ठिपके सगळीकडे सारखे उठायला लागतात. इथे अर्धा तास गेला तर जाऊ द्या, पुढे दोन तास वाचतात.

सळई कशाची घ्यायची? बहुतेक जण पेपरक्लिप तोडून घालतात. हाताला, तलवारीला ती छान, पण तुमच्या पंखाला नाही. ती जेमतेम १ मिलिमीटरची असते, एवढ्या वजनाखाली वाकेल आणि पंख हळूहळू मान टाकेल. सळईची जाडी दुप्पट केली की ती वाकवायला आठपट जोर लागतो. म्हणून २ मिलिमीटरची पितळी हवी. आणि तिच्यावर बसणारी नळी हवी: सळई पंखात पक्की राहील, नळी ड्रॅगनच्या अंगात. घरात बंद पडलेला जुना ट्रान्झिस्टर असेल तर त्याची एरिअल काढा. चकचकीत मुलाम्याखाली ती बहुतेक पितळेचीच असते. सगळ्यात आतला बारीक दांडा ही तुमची सळई, त्याच्या बाहेरची ही तुमची नळी. दोन्हींची जाडी मोजून मगच बिट, म्हणजे भोक पाडायची टोकं, विकत घ्या. पक्कडीनं तोडू नका, नळी चपटी होते. टेबलावर ठेवून बारीक कानशीच्या धारेनं गोल फिरवत खाच पाडा आणि मोडा. तोंडावर आत आलेली धार दाभणानं साफ करा.

आता भोक. मोटरचं ड्रिल नको, दादा. हे मी लॅबमधली मायक्रोमोटर वापरून शिकले. त्या सरदाराच्या खांद्याला बिट लावलं, धातू तापून लोण्यासारखा मऊ झाला, बिटाच्या खाचांत भरला, बिट घसरलं आणि काखेतून बाहेर आलं. तिथलं एम-सील अजून दिसतं. हातानं फिरवायचं पिन व्हाइस घ्या. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळतं, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे सर्किट बोर्डाला भोकं पाडायला ठेवतात तेही चालतं. बिट मात्र हाय स्पीड स्टीलचं मागा. सर्किट बोर्डाची कार्बाइडची बिटं हाताच्या जराशा हेलकाव्यानं कटकन मोडतात.

आधी ड्रॅगनच्या अंगाकडच्या बाजूला, सांध्याच्या वरच्या अर्ध्यात, मध्यरेषेवर, कंपासच्या टोकानं एक खळगी करा. ती नसेल तर बिट नाचतं. सुरुवात १ मिलिमीटरच्या बिटानं. पिन व्हाइसचं फिरतं बूड तळहातात टेकवा आणि अंगठा-तर्जनीनं पाव-पाव वळसा द्या. दाबायचं नाही, बिटाला स्वतःहून खाऊ द्यायचं. धातूची बारीक चंदेरी वेटोळी वर येत राहतात. ती यायची थांबली आणि हाताला गच्च वाटलं की उलटं फिरवून बाहेर काढा, ब्रशनं झाडा, बिटाचं टोक मेणबत्तीवर घासा, पुन्हा आत. तीन-चार वळशांनंतर एकदा बाहेर, हा ठेका सोडू नका. बिट मोडतं ते नेहमी "आता झालंच" म्हणून पाच वळसे जास्त दिल्यावर. मोडलंच आणि टोक बाहेर राहिलं तर उकरत बसू नका, सांधा लहान असेल तर तीच पिन म्हणून चालते.

दोन मिलिमीटर खोल गेलात की थांबा. भोकात लांब सुई उभी करा आणि ड्रॅगनकडे समोरून बघा, मग वरून बघा. सुई ज्या दिशेला दाखवतेय तिकडेच पंख जाणार. दिशा अजून बदलता येते, पाच मिलिमीटरनंतर येत नाही. तुमच्या ड्रॅगनला भोक आत जाताना किंचित खाली उतरतं ठेवा. मग पंख स्वतःच्या वजनानं आत बसत राहतो, बाहेर सरकत नाही. अंगात १२ मिलिमीटर खोल जायचंय, तेवढी छाती त्याला आहे. बिटावर त्या मापाला चिकटपट्टीचा झेंडा लावा. मग १.५, २, २.५ असं करत नळीच्या मापापर्यंत भोक वाढवा. एकदम मोठं बिट लावलं तर भोक तिकोनी होतं.

पंखातलं भोक नेमकं समोर कसं आणायचं? अंगातल्या भोकात सळईचा तुकडा असा घाला की टोक अर्धा मिलिमीटरच बाहेर राहील. वर निळा कागद, त्यावर पंख बरोबर बसवून अंगठ्यानं दाबा. कागद नसेल तर टोकाला रंगाचा थेंब लावा. जिथे ठिपका उठेल तिथे खळगी. पंखाचं खोड खांद्याजवळ जाड दिसतं, पण पुढे पडद्यासारखं पातळ होतं. बाहेरून पट्टी लावून किती खोल जाता येईल ते आधी ठरवा. फोटोवरून ७ मिलिमीटर जमतील. त्यापेक्षा हाव नको.

एकाच सळईवर पंख गोल फिरेल. म्हणून खालच्या कडेला दुसरी पिन, १ मिलिमीटरची, इथे पेपरक्लिप चालेल. ही फक्त ३ मिलिमीटर आत जावी. वरची सळई बसवून, पंख हवा तसा धरूनच खालची खूण करायची, आधी दोन्ही खुणा करून भोकं पाडली तर ती कधीच जुळत नाहीत. आणि दोन्ही भोकं एकमेकांना समांतर हवीत. फाकलेल्या दोन पिना कुठल्याच भोकांत एकत्र शिरत नाहीत, हे सांगायला नको, तरी सांगते, कारण मी स्वतः ते केलेलं आहे.

चिकटवायला अराल्डाइट घ्या, दोन ट्यूबांचं, सावकाश वाळणारं. पाच मिनिटांतलं घेऊ नका, तुम्हाला जुळवायला वेळ हवाय. कुठलीही सळई घालण्याआधी कानशीनं खरवडून खडबडीत करा आणि तिच्या लांबीवर एक बारीक खाच पाडा. भोकात नुसता गोंद भरून सळई दाबली तर खालची हवा कोंडते आणि सळई हळूच वर ढकलते. तुम्ही रात्री झोपता, सकाळी ती २ मिलिमीटर बाहेर आलेली असते. दातात पोस्ट, म्हणजे आधाराची खुंटी, बसवतानाही हवेला अशीच वाट ठेवतात. गोंद टूथपिकनं भोकाच्या भिंतीला लावा, मधे भरू नका.

पहिल्या दिवशी सळई आणि खालची पिन पंखात पक्की करा. दुसऱ्या दिवशी नळी अंगात. इथे खरी गंमत आहे. नळीच्या आतल्या तोंडात मेणाचा बोळा घाला, म्हणजे गोंद आत शिरणार नाही. सळईवर आणि खालच्या पिनेवर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवा. नळीला बाहेरून गोंद लावून भोकात सरकवा आणि लगेच पंख त्यात घालून पूर्ण जागेवर बसवा. म्हणजे गोंद वाळताना नळी पंखाच्याच मापानं स्थिरावते, तुम्हाला डोळ्यांनी अंदाज करायचा नसतो. मग ड्रॅगन कुशीवर आडवा करा, पंख आभाळाकडे उभा राहील असा, म्हणजे वजन सांध्यावर सरळ खाली येतं, बाजूला ओढत नाही. डब्यात ज्वारी भरून त्यात तो अर्धा पुरा. रावेरकडे केळीच्या घडाला जसा बांबूचा टेकू देतात, तसा दाणा सगळीकडून टेकू देतो आणि हवा तसा बदलता येतो. ती ज्वारी नंतर भाकरीला नको, डब्यावर तसं लिहून ठेवा. चोवीस तास हात लावायचा नाही. मग हलकासा पीळ देऊन पंख ओढा. पहिल्यांदा कटकन आवाज येतो, घाबरू नका, व्हॅसलिन सुटल्याचा असतो. पंख सैल वाटला तर सळईला नजरेला जेमतेम दिसेल एवढा बाक द्या, नळीत घट्ट धरते. मग दुसरा पंख, त्याच क्रमानं.

बाकीचे सांधे कायमचे चिकटवा. मानेला आणि शेपटीला १.५ मिलिमीटरच्या पिना पुरतात. फटी एम-सीलनं भरा, मे महिन्यात थोडं-थोडंच मळा, कारण उन्हाळ्यात ते हातातच आवळतं. पाण्यात बुडवलेल्या टूथपिकनं त्यावर खवल्यांच्या रेघा ओढता येतात. पायांतून खाली स्टँडमध्ये दोन पिना उतरवा आणि स्टँडखाली लोखंडी वायसर चिकटवा, दोन्ही पंख लागले की वजनाचा मध्य वर जातो आणि ड्रॅगन पुढे तोंडावर पडतो. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा स्प्रेचा थर, सकाळी सातच्या आत मारा. दुपारच्या उन्हात स्प्रे हवेतच वाळतो आणि अंगावर रवा पडल्यासारखा बसतो. रंगवताना नळ्यांच्या तोंडांत कापूस आणि सळयांवर चिकटपट्टी.

धुळ्याला येताना पंख वेगळ्या डबीत, कापसात. टेबलावर पोचल्यावर लावायचे, खेळ संपला की काढायचे.

मुलीचं: वार्निश वाळलं की पंख घालायचं आणि काढायचं काम तिलाच द्या. पंखाला धरून उचलला तर पंखच हातात येतो, ड्रॅगन टेबलावरच राहतो, हे तिला एकदा बघू द्या, मग ती आपणहून पोटाला धरेल. हात मात्र तिनंही धुवायचे.

आणि वहिनींचा रबरबँड फेकू नका. शेपटीचा सांधा ज्वारीत नीट दबत नाही, अराल्डाइट वाळेपर्यंत तो मागच्या पायाभोवती घालून आवळून धरायला तोच लागणार आहे.